तेल सोडायचं म्हणजे नेमकं काय काय सोडायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाचकांच्या पत्रांत गेले काही दिवस तेलावरून चांगलीच जुंपलीय. एका वाचकाने लिहिलं की माणसाने मनावर घेतलं तर पेट्रोलियमचा एक थेंबही न वापरता जगता येईल, कमी आहे ती फक्त इच्छाशक्ती. त्यावर दुसऱ्यांचं खोचक उत्तर आलं की साहेब, तुमचा चष्मा, तुमचं पेन, चपलेचा सोल, तुमचं पत्र ज्या शाईने छापलं ती शाई, सगळीकडे तेलच आहे, आधी ते टाका मग आम्हाला शिकवा. वाचायला मजा आली, पण दोघंही तेल म्हणजे एकच काहीतरी वस्तू आहे असं धरून भांडतायत आणि तिथेच सगळा घोळ आहे असं मला वाटतं. मी रिफायनरीत शिफ्ट केलेला माणूस, आता रिटायर. माझं घर तेलावरच चाललं त्यामुळे मी अगदी तटस्थ आहे असा दावा करत नाही, पण आतून बघितलंय म्हणून लिहावंसं वाटलं. लांबलं तर कात्री लावा.

आधी आकडा बघा. जगात रोज साधारण १० कोटी बॅरल तेल खपतं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर, म्हणजे रोजचे जवळजवळ १,६०० कोटी लिटर झाले. त्यातलं वस्तू बनवायला, म्हणजे प्लास्टिक, धागे, रंग, औषधं, डांबर, वंगण हे सगळं धरून, फार तर पाचवा-सहावा हिस्सा जातो. बाकीचं आपण चक्क जाळतो, आणि जवळपास निम्मं तर नुसतं रस्त्यावरच्या गाड्यांत. तेव्हा चष्मा-पेनवाल्या वाचकांनी काय केलं तर एका हिश्श्याची ढाल करून पाच हिश्श्यांचा बचाव केला. पेनात प्लास्टिक असतं काही ग्रॅम आणि ते पेन महिनोनमहिने चालतं, गाडी दहा मिनिटं नुसती उभी करून इंजिन चालू ठेवलं तरी त्याच्या कितीतरी पट तेल धूर होऊन जातं. पेन टाकून दिल्याशिवाय गाडीबद्दल बोलायचं नाही हा कुठला न्याय?

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते कारण हिच्याबद्दल कोणी बोलत नाही. क्रूड, म्हणजे जमिनीतून निघतं ते कच्चं तेल, कसं असतं हे बहुतेकांनी बघितलेलं नसतं. सॅम्पलच्या बाटलीत घेतलं तर कुठलं काळं कुळकुळीत आणि काकवीसारखं घट्ट, कुठलं चहाच्या रंगाचं आणि पातळ, प्रत्येकाचा वास वेगळा. हे भट्टीतून साधारण ३५०-३७० डिग्रीपर्यंत तापवून उंच कॉलममध्ये सोडतात, आत एकावर एक ट्रे असतात, वाफ वर चढत जाते आणि जी गोष्ट ज्या तापमानाला थंड होऊन पुन्हा द्रव होते ती त्या ट्रेवर जमते. सगळ्यात वर गॅस, त्याखाली नाफ्था (प्लास्टिक आणि रसायनांचा कच्चा माल) आणि पेट्रोलचा माल, मग रॉकेल आणि विमानाचं इंधन, मग डिझेल, आणि तळाला जो राहतो तो काळा चिकट गाळ, त्यातून पुढे फर्नेस ऑइल (भट्ट्यांचं जड इंधन), डांबर, पेटकोक. लाकूड कापलं की भुसा पडतोच तसं आहे हे, मला फक्त डिझेल पाहिजे बाकीचं नको असं क्रूडला सांगता येत नाही. तळाचे मोठे रेणू फोडून हलका माल वाढवता येतो, त्यासाठी क्रॅकर असतात, कोकर असतात, प्रमाण बरंच इकडचं तिकडे करता येतं पण शून्य करता येत नाही.

आणि कुठला माल हवा आणि कुठला नको हे काळाप्रमाणे बदलत आलंय. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला एडविन ड्रेकने तेलासाठी विहीर खणली तेव्हा सगळ्यांना पाहिजे होतं ते दिव्याचं रॉकेल. पेट्रोल म्हणजे नसती कटकट, भडकन पेटणारं, कपड्यावरचे डाग काढायला थोडं विकायचं आणि उरलेलं सरळ ओतून द्यायचं. कार्ल बेंझच्या गाडीचं पेटंट १८८६ चं. १८८८ मध्ये त्याची बायको बर्था मुलांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघाली तेव्हा वाटेत इंधन घेतलं ते औषधाच्या दुकानातून, कारण पंप ही चीजच नव्हती, डाग काढायचं द्रव्य म्हणून ते केमिस्टकडे मिळायचं. म्हणजे आज ज्याच्याशिवाय जग बंद पडेल म्हणतात ती गोष्ट आधी टाकाऊ होती, गरज नंतर आली. (याच संदर्भात एक गोष्ट नेहमी सांगतात की रॉकेल आलं म्हणून देवमासे वाचले, नाहीतर दिव्याच्या तेलासाठी सगळे मारले गेले असते. ऐकायला छान आहे पण खरी कत्तल झाली विसाव्या शतकात, वाफेच्या आणि डिझेलच्या इंजिनावर चालणाऱ्या वेगवान बोटी आल्यावर. तेलाने देवमाशांवर उपकार केले असं निदान मी तरी म्हणणार नाही.)

जाळण्याचा भाग सुटू शकतो का, तर सुटू शकतो, आणि हे मी तेलाच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतोय. १९७३ साली जगातली साधारण पाव वीज तेल जाळून तयार व्हायची. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी पुरवठा आवळला, काही महिन्यांत भाव चौपट झाला, नेदरलँड्ससारख्या देशात रविवारी गाड्या बंद ठेवायची वेळ आली. त्यानंतर फ्रान्सने अणुवीज धरली, डेन्मार्कने आधी कोळसा आणि मग वारा, बाकीच्यांनी जे हाताला लागलं ते. आज तेलावरची वीज जगात ३ टक्क्यांच्या आसपास उरलीय आणि कोणाला तिची आठवणसुद्धा येत नाही. तेव्हाही शहाणी माणसं म्हणत असणारच की हे व्यवहारात शक्य नाही.

गाड्यांचंही गणित अवघड नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट वीज होईल एवढी ऊर्जा असते, पण इंजिन त्यातली पाव, फार झालं तर तीस टक्के चाकापर्यंत पोचवतं, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर. विजेच्या मोटारीत ऐंशी टक्क्यांच्या वर कामाला लागते. म्हणजे आपण क्रूड समुद्रापलीकडून आणतो, भट्टीत तापवतो, टँकरने पंपापर्यंत नेतो आणि शेवटी त्यातल्या तीन हिश्श्यांनी हवा गरम करतो. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या दहा गाड्यांपैकी जवळजवळ नऊ पूर्ण विजेवरच्या होत्या. आता नॉर्वे स्वतः तेल आणि गॅस विकून गब्बर झालाय आणि त्याच पैशाच्या जोरावर हे परवडतं हा टोमणाही खरा आहे, पण तांत्रिकदृष्ट्या होत नाही असं तरी आता कोणी म्हणू नये.

विमानाचं मात्र वेगळं आहे. किलोला किलो लावलं तर विमानाच्या इंधनात आजच्या चांगल्या बॅटरीच्या चाळीसेक पट ऊर्जा असते, आणि इंधन जळत जातं तसं विमान हलकं होत जातं, बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड. लांबचं विमान बॅटरीवर इतक्यात उडत नाही. जहाजांबद्दल मात्र एक गंमत आहे जी फार लोकांच्या लक्षात येत नाही, जगात जहाजांवर जो माल फिरतो त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माल म्हणजे तेल, कोळसा आणि गॅसच असतो. जाळणं कमी झालं की जाळायचा माल वाहून नेणारी जहाजंच कमी लागणार.

तर इथपर्यंत सगळं पहिल्या वाचकांच्या बाजूने चाललंय असं वाटेल. आता त्यांना न आवडणारं सांगतो.

रिफायनरीच्या एका कोपऱ्यात सल्फर प्लँट असतो. क्रूडमध्ये गंधक असतं, ते इंधनात राहिलं तर जळताना हवेत जाऊन ॲसिडचा पाऊस पडतो म्हणून कायद्याने ते काढावं लागतं, २०२० पासून तर जहाजांच्या इंधनातही साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं. काढताना आधी त्याचा हायड्रोजन सल्फाइड वायू होतो. सडक्या अंड्यांचा वास. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशीच सांगायचे की वास आला तर डोकं ठिकाणावर ठेवून बाहेर पड, आणि येत असलेला वास अचानक बंद झाला तर पळ, कारण वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं गेला वाटतं गॅस. छातीवर डिटेक्टर लावल्याशिवाय तिकडे फिरकायचंच नाही. या विषारी वायूपासून पुढे चोख गंधक होतं, गरम असताना मधाच्या रंगाचं द्रव आणि थंड झाल्यावर पिवळंधम्मक. जगातलं आजचं बहुतेक गंधक असंच येतं, तेल आणि गॅस साफ करताना निघालेला कचरा म्हणून. त्याचं सल्फ्युरिक ॲसिड होतं, आणि त्या ॲसिडचा सगळ्यात मोठा हिस्सा जातो फॉस्फेट खतात. शेतातल्या पिकाला फॉस्फरस मिळतो त्यामागे रिफायनरीच्या कोपऱ्यातला हा प्लँट उभा आहे. तांब्याचं काही खनिजही याच ॲसिडने धुऊन तांबं काढतात, आणि विजेवरच्या जगाला तांबं किती लागणार आहे ते सांगायला नको.

पेटकोकचं तसंच. कॉलमच्या तळाचा गाळ अजून भाजला की उरतो तो काळा दगडासारखा कोक. बघितला तर कोणी फुकट घेणार नाही असा दिसतो. पण ॲल्युमिनियम काढायला कार्बनचे मोठे ठोकळे लागतात जे प्रक्रियेत झिजून संपतात, एक किलो ॲल्युमिनियममागे साधारण ४०० ग्रॅम कार्बन जातो, आणि हे ठोकळे मुख्यतः पेटकोकचे असतात. त्याचाच एक उच्च प्रतीचा भाऊ आहे, नीडल कोक, त्याच्यापासून ग्रॅफाइट करतात. भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या विजेच्या भट्ट्यांचे इलेक्ट्रोड, म्हणजे भट्टीत वीज सोडायचे दांडे, त्याचेच, आणि इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत जे पन्नासेक किलो ग्रॅफाइट असतं ते खाणीतलं नसेल तर बऱ्याचदा असल्याच कोकपासून बनवलेलं असतं. म्हणजे तेल सोडायला घेतलेल्या गाडीच्या पोटात तेलाचाच गाळ बसलाय.

याचा अर्थ इलेक्ट्रिक गाडी ढोंग आहे असा नाही, तो सोयीचा निष्कर्ष काढू नका. ग्रॅफाइट एकदा बसलं की वर्षानुवर्षं तिथेच राहतं, पेट्रोल टाकीत आठवडाभरसुद्धा टिकत नाही. प्रश्न वेगळाच आहे. हे गंधक, हा कोक, हे डांबर, हा नाफ्था, हे सगळं आज स्वस्त मिळतं कारण त्याचा खर्च पेट्रोल-डिझेल विकत घेणारा माणूस भरतोय. उद्या त्याने गाडी बदलली की रिफायनरी कमी चालणार, काही बंद पडणार, आणि मग हे उपपदार्थ उपपदार्थ राहणार नाहीत. गंधकासाठी पुन्हा जमीन खणायची का, पूर्वी जमिनीत गरम पाणी सोडून काढायचेच. कोकऐवजी काय? उत्तरं आहेत, पण कुठलंच आजच्या भावात नाही, आणि तो फरक शेवटी खतावर पडणार की तांब्यावर की आणखी कशावर याचा विचार गाड्यांच्या विक्रीचे आकडे सांगताना कोणी करताना दिसत नाही.

प्लास्टिकबद्दल लोक एकतर देव म्हणतात नाहीतर राक्षस. रक्ताची पिशवी हातात घेऊन बघा कधी. पूर्वी रक्त काचेच्या बाटलीत असायचं, फुटायचं, हवेचा बुडबुडा शिरायची भीती असायची. १९५० च्या सुमारास प्लास्टिकची पिशवी आली आणि तीन-चार पिशव्या नळीने एकमेकींना जोडता यायला लागल्या, मग हवा न लागता रक्त यंत्रात गरागरा फिरवून लाल पेशी एकीकडे, प्लाझ्मा दुसरीकडे, प्लेटलेट्स तिसरीकडे, एकाचं रक्त तिघांच्या कामी यायला लागलं. ही पिशवी पीव्हीसीची असते, आणि पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो जो मिठापासून येतो, तेलाचा वाटा उरलेलाच. तिला मऊ करायला जे रसायन घालतात त्याच्या नावाने आपण एरवी बोटं मोडतो पण तेच झिरपून लाल पेशी टिकायला मदत करतं. अशा गोष्टीचा पर्याय शोधा जरूर, पण घाई कसली? दवाखान्यातलं सगळं प्लास्टिक एकत्र केलं तरी जगाच्या वर्षाच्या ४० कोटी टनांहून जास्त प्लास्टिकमध्ये ते अगदी थोडं. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्लास्टिक आहे पॅकिंगचं, जे उघडलं की फेकलं. आणि आजवर तयार झालेल्या प्लास्टिकच्या कचऱ्यातलं जेमतेम ९ टक्के रिसायकल झालं असा २०१७ चा एक मोठा अभ्यास सांगतो. १९५० मध्ये सगळं जग वर्षाला २० लाख टन प्लास्टिकवर भागवत होतं, आणि ते जग काही गुहेत राहत नव्हतं.

तेलाशिवाय प्लास्टिक होतंच नाही असंही नाही. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून इथिलीन वायू काढून त्याचं पॉलिथिन करतात, रेणू तोच, पिशवी तीच, हाताला फरक कळणार नाही. पण ४० कोटी टन तसं करायचं म्हटलं तर एवढी जमीन आणि पाणी आणायचं कुठून? कोळशापासून पेट्रोल-डिझेल करायची युक्तीही जुनी आहे, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने केली, १९५५ पासून दक्षिण आफ्रिका करतेय, पण धुराच्या हिशेबाने ते आगीतून फुफाट्यात. तेव्हा बदली माल शोधत बसण्याआधी माल कमी करणं हाच स्वस्त रस्ता आहे, आणि नेमका तोच कोणाला नकोय. कारण उघड आहे. गाड्यांतला खप घटणार हे तेल कंपन्यांनाही दिसतंय, म्हणून क्रूडमधून जास्तीत जास्त केमिकल्सकडे वळायचे प्लँट उभे राहतायत. म्हणजे आपण गाडी बदलून खूश आणि तेच क्रूड पुढच्या दाराने पाऊच, रॅपर आणि एकदा घालून टाकायच्या पॉलिएस्टरच्या कपड्यांच्या रूपात परत घरात. जगातल्या एकूण धाग्यांत पॉलिएस्टर आजच निम्म्याहून जास्त आहे. गाडी आणि पॅकिंग ही दोन्ही टोकं एकाच वेळी आवळली नाहीत तर एकीकडे दाबलं की दुसरीकडे फुगणार.

"उद्यापासून एक थेंबही नको" म्हणणाऱ्यांनी क्यूबाकडे एकदा बघावं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि त्यांना मिळणारं स्वस्त तेल आटलं. ट्रॅक्टर उभे राहिले, बैल परत जुंपले, चीनमधून लाखो सायकली आणल्या, वीज तासन् तास गायब, आणि पोटभर खायला न मिळाल्यामुळे लोकांची वजनं उतरली. देश जगला, हे खरं. पण तो कोणाचा निर्णय नव्हता, त्यांच्यावर आदळलं. कुठलं तेल आधी सोडायचं आणि कुठलं शेवटी हे निवडायची संधीच त्यांना मिळाली नाही. आपल्याला ती अजून आहे.

आणि निवडून सोडलं तर सुटतं पण वेळ लागतो. गाड्यांच्या पेट्रोलमध्ये शिसं घालायची पद्धत १९२० च्या दशकात सुरू झाली, विष आहे हे तेव्हाही माहीत होतं, तरी शेवटचा देश अल्जेरिया २०२१ मध्ये थांबला. एक पदार्थ, तोही नुसता मिसळायचा, आणि शंभर वर्षं गेली.

शेवटी दुसऱ्या वाचकांचा एक मुद्दा राहिला, त्यांनी विचारलंय की पवनचक्कीच्या गिअरबॉक्समध्येही तेलच लागतं ना, मग काय उपयोग. लागतं. मोठ्या पवनचक्कीत काहीशे लिटर वंगण असतं, ते काही वर्षांनी बदलतात, आणि बदललेलं शुद्ध करून परत वापरताही येतं. लांब पल्ल्याच्या ट्रकच्या डिझेलच्या टाकीतही साधारण तेवढंच मावतं, ती काही दिवसांत रिकामी होते.

आपला,
एक निवृत्त रिफायनरी कर्मचारी